पद, वतन आणि भूमिका : संगणकीय आज्ञावलीतील वारशाची कसोटी

भोरचा राजवाडा एका संस्थानिक घराण्याचा वाडा म्हणून दाखविला जातो. परंतु हे घराणे ज्या नावाने ओळखले गेले ते 'पंत सचिव' हे नाव मुळात कुळाचे नसून कामाचे आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिवाचे पद होते व अण्णाजी दत्तो ते सांभाळीत होते. बाहेर जाणारी पत्रे वाचून पाहावीत, त्यांतील अधिक-उणे दुरुस्त करावे, महालांचे हिशेब तपासावेत, असे त्या पदाचे काम होते. महाराजांनी ही पदे वंशपरंपरेने दिली नव्हती. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले आणि त्यानंतर ते त्यांच्या वंशात राहिले. कामाचे नाव कुळास चिकटले, पदाचे संस्थान झाले, आणि मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ते संस्थान टिकले.

एखादे काम माणसाकडे वारशाने यावे की नेमणुकीने, हा प्रश्न आपल्या ग्रामव्यवस्थेने पिढ्यान् पिढ्या अनुभवला आहे. आज हाच प्रश्न अगदी वेगळ्या ठिकाणी, म्हणजे संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याच्या टेबलावर, पुन्हा उभा राहतो. ग्रामपंचायतीचे दाखले, जमिनीचे फेरफार, शाळेचा पट, मतदार याद्या या सर्वांच्या नोंदी आता संगणकावर होतात. ती आज्ञावली लिहिताना कोणते गुण वारशाने द्यावेत, कोणते भूमिका म्हणून जोडावेत आणि दोन्ही बरोबर बसले आहेत की नाही हे कसे तपासावे, याची ओळख अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे. कारण चूक आज्ञावलीत झाली तरी तिचा हेलपाटा पडतो तो तोरण्याच्या पलीकडच्या एखाद्या वाडीवरून तालुक्याला येणाऱ्या माणसाला.

वर्ग, वस्तू आणि वारसा

आज्ञावली लिहिण्याच्या ज्या पद्धतीचा येथे विचार करावयाचा आहे तिला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजेच वस्तुकेंद्री आज्ञालेखन म्हणतात. नॉर्वेतील ओस्लो येथील संगणन केंद्रात ओले-योहान डाल व क्रिस्टेन नीगार्ड यांनी तयार केलेल्या 'सिम्युला ६७' या भाषेत तिचा पाया घातला गेला. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'स्मॉलटॉक' भाषेने तिला पूर्ण रूप दिले.

या पद्धतीत 'वर्ग' म्हणजे एक कोरा नमुना होय. तलाठी दप्तरात गाव नमुना सहा हा फेरफार नोंदवहीचा छापील आराखडा असतो. त्यात कोणते रकाने आहेत व ते कसे भरावयाचे हे ठरलेले असते. वर्गही तसाच आहे. त्या नमुन्यावर प्रत्यक्ष भरलेली नोंद म्हणजे 'वस्तू'. वर्गात दोन गोष्टी सांगितलेल्या असतात : वस्तूचे गुणधर्म कोणते आणि तिला कोणत्या कृती करता येतात. 'जमीन' या वर्गाला गट क्रमांक, क्षेत्र, आकार हे गुणधर्म असतील आणि 'हस्तांतरण नोंदवा' ही कृती असेल.

एका वर्गावरून दुसरा वर्ग काढला की त्याला 'वारसा' म्हणतात. मूळ वर्गाला जनक व काढलेल्याला वारस म्हणू. वारस वर्गाला जनकाचे सर्व गुणधर्म व सर्व कृती काहीही न लिहिता मिळतात. श्रम वाचतात, पुनरुक्ती टळते. म्हणून नवा आज्ञावलीकार वारशाच्या मोहात लवकर पडतो.

परंतु वारशात जे येते ते सगळेच येते. नको असलेलेही येते. आपल्या गावगाड्याने याची जबर किंमत मोजली आहे. पाटीलकी व कुलकर्णीपण वतनाने चालत होते, तसेच महार वतनही चालत होते. त्यात जन्माबरोबर कामांची न संपणारी यादी येई आणि ती नाकारण्याची सोय नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले ते याच जोखडाविरुद्ध. पुढे १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने गेली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने गेली आणि १९६२ च्या कायद्याने महसूल पाटलाचे वंशपरंपरागत पद संपले. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली पोलीस पाटील हा नेमणुकीने येऊ लागला. वारशाकडून भूमिकेकडे झालेला हा प्रवास कायद्याने घडवून आणला. आज्ञावलीत तो आज्ञावलीकाराने विचारपूर्वक करावयाचा असतो.

वारशाची कसोटी : जनकाने दिलेले वचन

वारसा योग्य आहे की नाही हे ठरविण्याची एक शास्त्रीय कसोटी आहे. अमेरिकन संगणकतज्ज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली एका व्याख्यानात ती मांडली आणि १९९४ मध्ये जनेट विंग यांच्यासमवेत तिचे काटेकोर विवेचन केले. सोप्या भाषेत तिचा आशय असा : जेथे जनक चालतो तेथे वारस ठेवला तरी काहीही बिघडता कामा नये. जनकाने बाहेरच्यांना जे वचन दिले आहे ते वारसाने पाळलेच पाहिजे. वारसाने अधिक द्यावे, पण आधीच्यापेक्षा जास्त अटी घालू नयेत.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे भोगवटादार वर्ग एक व भोगवटादार वर्ग दोन असे प्रकार आहेत. वर्ग एकच्या धारकाला जमीन हस्तांतरित करण्यास या संहितेखाली निर्बंध नाही, वर्ग दोनच्या धारकावर तो आहे व त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशी धरणे ज्या भोर-वेल्हे परिसरात आहेत, तेथील वाचकांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही, कारण पुनर्वसनात मिळणाऱ्या जमिनी बहुधा वर्ग दोनच्या असतात.

आता समजा, आज्ञावलीकाराने 'जमीन' हा जनक वर्ग लिहिला आणि त्यात वचन दिले की, 'नोंदणीकृत दस्त आला की फेरफाराची नोंद धरली जाईल.' मग त्यावरून 'वर्ग दोनची जमीन' हा वारस काढला आणि त्यात परवानगीची अट घातली. वारसाने अट वाढविली. दस्त घेऊन आलेल्या ज्या व्यवहारास जनकाने होकार दिला असता त्यास वारस नकार देतो. जनकाच्या वचनावर विसंबून लिहिलेले आज्ञावलीचे इतर भाग येथे अडखळतील. याहून वाईट प्रकार म्हणजे वारसाने नोंद न धरताच 'झाले' असे उत्तर देणे. तेव्हा कोणी अडखळत नाही, आणि म्हणूनच चूक वर्षानुवर्षे दडून राहते.

ही चूक सापडण्याचा मार्ग सरळ आहे. जनकासाठी लिहिलेल्या सर्व चाचण्या जशाच्या तशा प्रत्येक वारसावरही चालवाव्यात. 'दस्त दिला, फेरफार झाला का?' ही चाचणी वर्ग दोनच्या जमिनीवर चालविताच ती नापास होईल. पुष्कळांना वाटते की अशा वेळी वारसापुरती ती चाचणी वगळावी. हे योग्य नव्हे. चाचणी नापास झाली याचा अर्थ जनकाचे वचनच चुकीचे लिहिले गेले होते. ते असे बदलावे : 'हस्तांतरणास लागणाऱ्या अटींची यादी सांगेन आणि त्या सर्व पूर्ण झाल्या तर नोंद धरीन.' वर्ग एकच्या यादीत दस्त असेल, वर्ग दोनच्या यादीत दस्त आणि परवानगी असेल. वचन मात्र दोघांचे एकच राहील आणि चाचणीही दोघांवर एकच चालेल.

सरपंच हा सदस्य 'आहे' काय?

वारशाचा दुसरा धोका काळाबरोबर येतो. आज सत्य असलेले नाते उद्या कायद्याने बदलू शकते. महाराष्ट्रातील सरपंचाचे पद हे याचे उत्तम उदाहरण होय.

पूर्वी ग्रामपंचायतीचे निवडून आलेले सदस्य आपल्यातूनच एकाची सरपंच म्हणून निवड करीत. त्यामुळे 'सरपंच हा सदस्य आहे' हे विधान निर्विवाद होते. आज्ञावलीकार 'सदस्य' हा जनक आणि 'सरपंच' हा त्याचा वारस असे सहज लिहून गेला असता. सदस्याला प्रभाग असतो, म्हणून सरपंचालाही प्रभाग वारशाने मिळाला असता. २०१७ साली कायद्यात बदल होऊन सरपंचाची निवड थेट गावाच्या मतदारांकडून होऊ लागली. २०२० मध्ये ती पद्धत रद्द होऊन पुन्हा सदस्यांतून निवड आली, आणि २०२२ मध्ये थेट निवड परत आली. प्रत्येक वेळी आधी निवडून आलेल्यांची मुदत चालूच होती. त्यामुळे राज्यात एकाच वेळी दोन्ही प्रकारांनी निवडलेले सरपंच काम करीत होते, आणि अविश्वास ठरावाची पद्धतही दोघांस सारखी नव्हती.

आता वारशाने लिहिलेल्या त्या आज्ञावलीचे काय होईल ते पाहा. थेट निवडून आलेल्या सरपंचाला सबंध गाव हाच मतदारसंघ, त्याला प्रभाग नाही. वारशाने आलेला 'प्रभाग' हा रकाना रिकामा राहिला. प्रभागनिहाय उपस्थितीपत्रक काढणाऱ्या भागाने रिकामा रकाना दिसताच ते नाव गाळले, आणि सभेच्या अध्यक्षस्थानी बसलेली व्यक्तीच उपस्थितांच्या यादीतून गायब झाली. प्रसंग कल्पित आहे, परंतु अशा रचनेतून अशीच चूक निघते.

हेच जर आरंभी 'व्यक्ती' हा वर्ग ठेवून 'सदस्य' आणि 'सरपंच' या दोन स्वतंत्र भूमिका मानल्या असत्या, तर कायदा बदलताच फक्त 'सरपंच ही भूमिका कोणास व कशी मिळते' एवढा नियम बदलावा लागला असता. घराचा पाया उकरावा लागला नसता.

येथे मराठी भाषाच आपल्याला एक सोपी कसोटी देते. दोन संकल्पनांचे नाते वाक्यात मांडून पाहावे. 'वर्ग दोनची जमीन ही जमीन आहे' हे वाक्य कायम खरे आहे, म्हणून तेथे वारसा शोभतो. 'शिक्षक प्रगणक आहे' हे मात्र खटकते. आपण म्हणतो, 'शिक्षक प्रगणक म्हणून काम करतो.' जेथे 'आहे' सहज बसते तेथे वारशाचा विचार करावा. जेथे 'म्हणून' घालावे लागते तेथे भूमिका जोडावी. वेल्ह्याच्या डोंगरी भागातील जिल्हा परिषदेचा शिक्षक वर्गात शिकवितो, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून याद्या पाहतो आणि जनगणनेच्या वेळी प्रगणक म्हणून घरोघर फिरतो. यांतले एक काम संपले म्हणून त्याचे शिक्षकपण संपत नाही.

भूमिकांची जुळणी

'वारशापेक्षा जुळणीस प्राधान्य द्या' हा सल्ला १९९४ साली एरिक गामा व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आज्ञावलींच्या रचनाबंधांवर लिहिलेल्या पुस्तकामुळे सर्वत्र पोचला. २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठातील नथानाएल शेर्ली व सहकाऱ्यांनी स्मॉलटॉकच्या आधारे कृतींचे लहान, सुटे संच वर्गात जोडण्याची पद्धत मांडली. पर्ल भाषेतील 'मूस' या २००६ सालच्या संचाने त्यांना 'रोल', म्हणजेच भूमिका, असे नाव देऊन ती लोकप्रिय केली. पीएचपी भाषेत २०१२ साली अशीच सोय आली.

भूमिका म्हणजे कृतींचा एक संच. तिच्यावरून स्वतंत्र वस्तू तयार होत नाही, ती कोणत्या तरी वर्गात जोडावी लागते. आपला सातबारा हा या कल्पनेच्या फार जवळ जातो. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा ही पिकांची नोंद. सातबारा हा नमुना सातचा वारस नव्हे व नमुना बाराचाही नव्हे. दोन स्वतंत्र नमुने एका कागदावर जोडून तो सिद्ध झाला आहे, आणि एकात दुरुस्ती झाली तरी दुसऱ्याचे स्वरूप बदलत नाही.

भूमिका आपल्या यजमान वर्गाकडे काही मागणीही करते. 'निबंधक' ही भूमिका म्हणेल : 'मी दाखला देईन, परंतु ज्याच्यात मला जोडाल त्याला सही करता आली पाहिजे आणि त्याचे कार्यक्षेत्र ठरलेले असले पाहिजे.' ही मागणी पुरी होत नसेल तर जुळणी नाकारली जावी.

आता ग्रामपंचायतीकडे वळू. ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' हे पद करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. या एका पदाला किती भूमिका जोडलेल्या आहेत? तो पंचायतीचा सचिव असतो, जन्म-मृत्यूचा निबंधक असतो, विवाह निबंधक असतो, आणि माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालील जन माहिती अधिकारीही असतो. ही पदे एकमेकांची वारस नाहीत. एका खांद्यावर ठेवलेली ती निरनिराळी कामे आहेत.

येथेच टक्कर संभवते. जन्म-मृत्यू निबंधकाची 'दाखला द्या' ही कृती आहे आणि विवाह निबंधकाचीही 'दाखला द्या' हीच कृती आहे. हे दोन्ही गुण जर दोन जनकांकडून वारशाने घेतले, तर पायथॉन व पर्ल यांसारख्या भाषा एक ठराविक क्रम लावतात आणि त्या क्रमात जो जनक आधी येतो त्याची कृती मुकाट्याने चालते. जन्माचा दाखला मागावा आणि विवाहाच्या नमुन्यात कागद निघावा, असा तो प्रकार. याउलट भूमिकांच्या नीट रचलेल्या जुळणीत दोन भूमिकांच्या एकाच नावाच्या कृती समोरासमोर आल्या की यंत्रणा थांबते आणि 'यांतील कोणती, ते स्पष्ट सांगा' असे म्हणते. आज्ञावलीकाराला मग 'जन्मदाखला द्या' व 'विवाहदाखला द्या' अशी वेगळी नावे द्यावी लागतात. मुकाट्याने चालणाऱ्या चुकीपेक्षा आरंभीच आलेला अडथळा केव्हाही बरा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. भाषेतील भूमिका सामान्यतः वर्ग घडतानाच त्याला जोडली जाते. व्यक्ती मात्र पदावर येते आणि जाते. म्हणून भूमिका 'पद' या वर्गाला जोडाव्यात आणि कोणती व्यक्ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत त्या पदावर होती, याची 'पदधारणा' ही स्वतंत्र नोंद ठेवावी. असे केले नाही तर बदली झालेल्या अधिकाऱ्याचा अधिकार आज्ञावलीत तसाच शिल्लक राहतो.

चाचण्यांचा क्रम

आज्ञावलीतील लहान लहान भाग आपोआप तपासणारी साधने आज प्रत्येक भाषेत आहेत. केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ च्या सुमारास जावा भाषेसाठी केलेले 'जे-युनिट' हे त्यांतील विशेष प्रसिद्ध होय. साधन कोणतेही असो, वारसा व भूमिका यांच्या चाचण्या पुढील क्रमाने घ्याव्यात.

१. जनकाचे वचन : जनक वर्गाच्या प्रत्येक वचनाची चाचणी लिहावी आणि ती जनकावर व त्याच्या प्रत्येक वारसावर चालवावी. नवा वारस आला की तो या यादीत आपोआप यावा अशी व्यवस्था ठेवावी.

२. वारसाचे वेगळेपण : वारसाने जे नवे आणले किंवा बदलले तेवढ्याचीच वेगळी चाचणी लिहावी. जनकाच्या चाचण्यांची नक्कल करून दुसरी वही भरू नये.

३. एकटी भूमिका : भूमिकेची मागणी जेमतेम पुरी करणारा एक लहानसा नमुना वर्ग केवळ तपासणीसाठी करावा. त्याला फक्त सही व कार्यक्षेत्र असेल. त्यात 'निबंधक' भूमिका जोडून दाखला नीट निघतो का ते पाहावे. चूक निघाली तर ती भूमिकेतच आहे हे निश्चित कळते.

४. नकाराची चाचणी : कार्यक्षेत्र नसलेल्या वर्गात ती भूमिका मुद्दाम जोडून पाहावी. येथे जुळणी नाकारली गेली तरच चाचणी उत्तीर्ण समजावी. कार्यक्षेत्राबाहेरील गावाचा दाखला मागून पाहावा. तोही नाकारला गेला पाहिजे.

५. खरा यजमान : आता 'ग्रामपंचायत अधिकारी' या प्रत्यक्ष वर्गाला विचारावे, 'तुझ्याकडे ही भूमिका आहे का?' 'हो' या उत्तरावर थांबू नये. भूमिकेची मुख्य कृती त्या वर्गावर करवून घ्यावी. नावाची पाटी लावली म्हणजे कार्यालय सुरू झाले असे होत नाही.

६. एकत्र भूमिका : ही चाचणी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक विसरली जाणारी. दोन भूमिका सुट्या असताना उत्तम चालतात व एकत्र आल्यावर बिघडतात. समजा दोन्ही निबंधक भूमिका 'अनुक्रमांक' नावाचा गुणधर्म वापरतात. सुटी तपासणी करता दोन्ही उत्तीर्ण. एकत्र जोडताच दोघींचा क्रमांक एकच झाला. जन्माची ४१ वी नोंद झाली आणि त्यामागोमाग आलेल्या विवाहाला त्याच्या वहीत २५ वा क्रमांक मिळावयाचा तो ४२ वा मिळाला. दोन्ही नोंदवह्यांत खंड पडले. लेखापरीक्षणात विचारणा होईल : मधल्या नोंदी कोठे गेल्या? म्हणून दोन्ही भूमिकांच्या कृती आलटून पालटून करवाव्यात आणि प्रत्येक नोंदवहीचा क्रम अखंड आहे हे पाहावे.

७. मुदतीच्या कडा : नियुक्तीच्या आदल्या दिवशी, नियुक्तीच्या दिवशी, कार्यमुक्तीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सही चालते का, या चार तारखा तपासाव्यात. सरपंचाच्या अनुपस्थितीत उपसरपंच काम पाहतो, तेव्हा हा अधिकार केव्हा सुरू होतो आणि सरपंच परत येताच संपतो का, हेही पाहावे.

काय तपासू नये

चाचण्या पुष्कळ लिहिल्या म्हणजे चांगल्या झाल्या असे नाही. 'हा वर्ग त्या वर्गाचा वारस आहे का?' एवढेच विचारणाऱ्या चाचण्या घराण्याची वंशावळ तपासतात, काम तपासत नाहीत. उद्या वारसा काढून तेथे भूमिका जोडली तर काम तसेच चालू असूनही त्या नापास होतील.

चाचणी नावावर बांधली तरी तेच होते. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मान्यता दिली. ज्या चाचणीत 'तालुका वेल्हे असला पाहिजे' असे अक्षरशः लिहिलेले असेल ती नाव बदलताच नापास होईल, मग आज्ञावली निर्दोष का असेना. उलट 'या गावाचा दाखला त्याच्याच तालुक्याच्या नावाने निघाला पाहिजे' अशी चाचणी नावांतरानंतरही उपयोगी पडेल. तालुका त्याच्या ठरलेल्या संकेतांकाने ओळखावा, नाव हा त्याचा बदलू शकणारा गुणधर्म मानावा, आणि १९९५ च्या दाखल्यावरील 'वेल्हे' आजही त्याच ठिकाणाशी जुळतो का याची एक चाचणी अवश्य ठेवावी. ज्याच्या जन्मदाखल्यावर जुने नाव आहे त्याला नवे कागद काढताना अडचण येता कामा नये.

आपला वाटा

हे सर्व काम आज्ञावलीकाराचे, त्यात आमचा काय संबंध, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वर दिलेल्या चाचण्या पुन्हा पाहाव्यात. वर्ग दोनच्या जमिनीला परवानगी लागते हे आज्ञावलीकाराला कोण सांगणार? एकाच वेळी दोन पद्धतींचे सरपंच असू शकतात, विवाहाची व जन्माची नोंदवही वेगळी असते, शिक्षकाचे प्रगणकाचे काम संपले तरी त्याची शाळा चालूच असते, या गोष्टी शहरात बसून आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाला ठाऊक असतीलच असे नाही. तो सद्भावनेने 'सदस्य' लिहील, त्याखाली 'सरपंच' लिहील आणि पुढे जाईल.

यास्तव एखादी नवी संगणकीय योजना कार्यालयात येईल तेव्हा तिच्या प्रशिक्षणात केवळ कोणते बटण दाबावयाचे एवढे विचारून थांबू नये. आपल्या दप्तरातील दहा-बारा अवघड प्रकरणे कागदावर लिहून न्यावीत. त्यांत रद्द झालेला फेरफार असेल, दोन गावांचा एकच अधिकारी असेल, बदलीच्या दिवशी केलेली सही असेल, जुन्या तालुक्याच्या नावाचा दाखला असेल. प्रत्येक प्रकरणापुढे अपेक्षित निकाल लिहावा. हा कागद म्हणजेच चाचण्यांचा पहिला मसुदा होय. आज्ञावलीकार त्याला आपल्या भाषेत उतरवील. शिक्षकांनी माध्यमिक वर्गात 'आहे' व 'म्हणून' यांचा भेद विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. पोस्टमन, सरपंच, आई, ग्राहक, मतदार अशी यादी देऊन त्यांतील कोणती ओळख जन्माची व कोणती कामाची हे मुलांना ठरवू द्यावे. त्यासाठी संगणक लागत नाही.

पत्र बाहेर जाण्यापूर्वी ते वाचून त्यातील चूक काढणे हे सचिवाचे मूळ काम होते. पद वंशात गेले तेव्हा नाव टिकले आणि तपासणीचे ते मूळ काम मागे पडले. आज ग्रामपंचायतीतून दाखला निघतो तेव्हा त्यावरील मजकूर आज्ञावली लिहिते, आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याने ती आज्ञावली कधी पाहिलेली नसते. तिच्या चाचण्यांत आपला अनुभव उतरला असेल तर त्या सहीला अर्थ राहील. तेवढे काम दप्तर जाणणाऱ्या माणसांनीच करावयाचे आहे.